वाट कोणती आणि चाल कोणाची?

पावसाळा सरला, की आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवतींना डोंगराचे वेध लागतात. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात बैठक भरते आणि पहिला प्रश्न विचारला जातो, तो 'कुठे जायचे?' हा. वस्तुतः पहिला प्रश्न 'कोण कोण येणार?' हा असावयास हवा. डोंगर निवडायचा तो येणाऱ्यांतील सर्वांत अशक्त व्यक्तीकडे पाहून, आणि चालायचे तेही तिच्याच पावलांनी.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. काही वर्षांपूर्वी तीसेक युवकांना घेऊन मी खिरेश्वरच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. गड निवडला होता तो फुटबॉल खेळणाऱ्या चार-पाच तगड्या मुलांनी. टोलार खिंडीत शिरगणती केली, तेव्हा एक मुलगा कमी भरला. अकरावीतला, अबोल, पाठीवर भली मोठी सॅक. तासाभराने तो खाली एका झाडाखाली बसलेला सापडला. पाणी संपलेले, दोनदा उलटी झालेली. हाक का मारली नाहीस, असे विचारले तर म्हणाला, "फादर, माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं असतं." दोष त्याचा नव्हता. त्याच्या मागे चालायला मी कोणालाच ठेवले नव्हते.

असे का घडते, हे समजून घेण्याजोगे आहे. पुढची मुले भराभर चढतात आणि सावली पाहून बसतात. दहा-पंधरा मिनिटांनी मागचे धापा टाकीत तिथे पोहोचतात, त्यांना पाहताच पुढचे उठतात, "चला, आले सगळे!" म्हणतात आणि निघतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती मिळाली, आणि ज्यांना होती त्यांच्या वाट्याला दोन श्वासही आले नाहीत. दिवसभरात असे सहा-सात वेळा झाले, की मागचा माणूस खचतो. उपाय अगदी साधा आहे. विश्रांतीचे मोजमाप शेवटचा माणूस बसल्यापासून सुरू करावे, आणि निघताना सर्वांत संथ चालणाऱ्यांना पुढे घ्यावे. सर्वांत पुढे वाट जाणणारा आणि सर्वांत मागे एक अनुभवी, धीराचा माणूस असावा. त्या शेवटच्या माणसाच्या मागे कोणीही राहता कामा नये. चढताना बोलता येईल इतकीच चाल ठेवावी. बोलणे तुटू लागले, की वेग अधिक झाला असे समजावे.

उत्पत्तीच्या 33व्या अध्यायातील याकोब यापेक्षा वेगळे काय सांगतो? एसाव त्याला बरोबर चालण्याचा आग्रह करतो. मुले कोवळी आहेत, दूध पिणारी पिल्ले आहेत, एक दिवस जरी कळपाला दामटले तरी तो मरेल, असे म्हणून याकोब भावाला पुढे जायला सांगतो आणि स्वतः मुलांच्या चालीने मागून निघतो. प्रवचनांत या उताऱ्याचा फारसा उल्लेख होत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता वाट निवडण्याविषयी. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक आडाखा सांगितला, तो आजही उपयोगी पडतो: दर तीन मैलांना, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरना एक तास, आणि दर दोन हजार फूट, म्हणजे सुमारे सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर घ्या. पायथ्याच्या बारी गावापासून चाल सुमारे साडेसहा किलोमीटर, चढ सुमारे साडेआठशे मीटर. आडाख्याने पावणेतीन तास होतात. पण हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. नवख्या युवकांच्या गटासाठी मी त्यात निम्म्याची भर घालतो, म्हणजे चार तास. उतरायला तीन, माथ्यावर एक. एकूण आठ. सकाळी लोकलने कसारा गाठून तिथून जीपने बारीला पोहोचेपर्यंत दहा वाजले, तर परतताना नोव्हेंबरातला सूर्य मावळलेला असणार आणि लोखंडी शिड्या अंधारात उतराव्या लागणार. तेव्हा आदल्या रात्रीच पायथ्याशी मुक्काम करावा, नाहीतर दुसरा डोंगर पाहावा.

गडाच्या नावावरून अवघडपणा ठरत नाही. तो वाटेवरून ठरतो. हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट नवख्यांना झेपते, खिरेश्वरची दमवते आणि नळीची वाट तर अनुभवी गिर्यारोहकांनीच धरावी. राजमाचीलाही लोणावळ्याहून लांबची पण बव्हंशी सपाट वाट आहे, तर कर्जतकडील कोंदिवड्याहून थेट खडा चढ. पहिल्या मुक्कामी ट्रेकसाठी मी लोणावळ्याची वाट सुचवीन. उधेवाडीत जेवणाची सोय होते, त्यामुळे तांदूळ-भांडी वाहावी लागत नाहीत. ओझे हा चालीचा पहिला शत्रू. तीन लिटर पाण्याचेच तीन किलो होतात. शाळा-कॉलेजातील मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याहून अधिक देऊ नये. त्याआधी एखाद्या रविवारी दुपारी सफाळ्याजवळच्या तांदुळवाडी गडावर सर्वांना भरल्या सॅकसह नेऊन आणावे. कोण कसे चालते, ते बैठकीत कळत नाही.

यावर "फादर, यात साहस ते काय उरले?" असे कोणीतरी म्हणणारच. पोप अकरावे पायस हे स्वतः गिर्यारोहक होते. 1889 साली, तरुण धर्मगुरू असताना, त्यांनी माँटे रोझाचा पूर्वेकडील दुर्घट कडा चढून एक रात्र उंचावरील खडकावर काढली. तरीही गिर्यारोहण हे जिवावर उदार होण्याचे नव्हे, तर विवेकाचे काम आहे, असेच त्यांचे मत होते. 1923 साली त्यांनीच संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

दमा, फिट्स, हृदयविकार यांविषयी पालकांकडून लेखी माहिती घ्यावी. मुलींशी सिस्टरांनी किंवा एखाद्या ताईने स्वतंत्र बोलावे, कारण पुष्कळशा गोष्टी त्या सर्वांसमक्ष सांगत नाहीत. शनिवारी निघणार असाल तर रविवारच्या मिस्साची सोय आधीच पाहावी. आणि परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून निघावे. दुपारी एक ठरली असेल, तर एक वाजता जिथे असाल तिथून, माथा समोर दिसत असला तरी, मागे वळावे.