विश्लेषण : सत्ता हाती, पण वजन नाही... ‘लेम डक’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक पार पडली, की बातम्यांमध्ये ‘लेम डक’ हा शब्दप्रयोग हमखास दिसू लागतो. शब्दशः अर्थ घेतला तर लंगडे बदक. पण व्हाइट हाऊसमधील नेत्याचा या बदकाशी संबंध काय?

उच्चार आणि अर्थ

‘लेम’ हा शब्द इंग्रजीतील ‘गेम’प्रमाणे उच्चारायचा. ‘ले’ किंचित लांबवायचा आणि शेवटचे ‘ई’ हे अक्षर मूक ठेवायचे. पुढे ‘डक’. ज्याचा उत्तराधिकारी ठरला आहे, पण ज्याने अद्याप खुर्ची सोडलेली नाही, असा पदाधिकारी म्हणजे ‘लेम डक’. सह्यांचा अधिकार त्याचाच असतो. नमस्कार मात्र उगवत्या सूर्याला होऊ लागतात.

शब्द आला कुठून?

हा शब्द राजकारणातला नव्हे, तर शेअर बाजारातला. अठराव्या शतकात लंडनच्या बाजारात देणी चुकती करू न शकणाऱ्या दलालाला ‘लेम डक’ म्हणत. ब्रिटिश लेखक होरेस वॉलपोल यांनी १७६१ मधील एका पत्रात ‘बुल’ आणि ‘बेअर’ यांच्या जोडीने त्याचा उल्लेख केला आहे. बुल आणि बेअर बाजारातच राहिले. बदक मात्र एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या राजकारणात शिरले.

चार महिन्यांची किंमत

पूर्वी तिथे मतदान नोव्हेंबरमध्ये आणि शपथविधी ४ मार्चला होत असे. दळणवळण संथ असल्याच्या काळातील ही व्यवस्था पुढे महागात पडली. नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले, पण कारभार जेम्स ब्यूकॅनन यांच्याच हाती होता. राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही, मात्र त्यांना बळाने रोखण्याचा अधिकारही केंद्राला नाही, अशी त्यांची भूमिका होती. लिंकन यांनी शपथ घेण्याआधीच दक्षिणेतील सात राज्ये बाहेर पडली. एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले.

१९३२-३३ च्या महामंदीतही तेच झाले. हर्बर्ट हूव्हर पराभूत झाले होते आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हाती सूत्रे आली नव्हती. त्या पोकळीत बँकिंग संकट चिघळत गेले.

तारीख कशी बदलली?

जानेवारी १९३३ मध्ये विसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. तिला ‘लेम डक दुरुस्ती’ असेच म्हटले जाते. शपथविधी २० जानेवारीवर आला. १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी या तारखेला पहिल्यांदा शपथ घेतली. तरीही सुमारे अडीच महिन्यांचे अंतर उरलेच.

हे बदक खरेच दुबळे असते?

नाही. नकाराधिकार, क्षमादान, नेमणुका हे अधिकार शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत असतात. पुन्हा मते मागायची नसल्याने ते वापरताना संकोचही उरत नाही. जॉन ॲडम्स यांनी पराभवानंतर, १८०१ मध्ये जॉन मार्शल यांना सरन्यायाधीश नेमले. मार्शल त्या पदावर १८३५ पर्यंत राहिले. मावळत्या अध्यक्षाची ती एक सही ३४ वर्षे परिणाम करत राहिली.

‘काळजीवाहू’ म्हणजेच ‘लेम डक’?

दोन्हींत गल्लत होते. काळजीवाहू सरकारने राजीनामा दिलेला असतो. नवे सरकार येईपर्यंत दैनंदिन कारभार पाहावा आणि मोठे धोरणात्मक निर्णय टाळावेत, असा संकेत असतो. भारतीय राज्यघटनेत हा शब्द नाही, पण प्रथा आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निकालानंतर एकनाथ शिंदे यांनी २६ नोव्हेंबरला राजीनामा दिला आणि ५ डिसेंबरच्या शपथविधीपर्यंत ते काळजीवाहू मुख्यमंत्री होते. ‘लेम डक’ अध्यक्ष मात्र राजीनामा देत नाही. मुदत संपेपर्यंत तो पूर्ण अधिकारांनिशी पदावर असतो.

म्हणूनच बातमीत ‘लेम डक’ दिसले, की ‘आता याचे काय चालणार?’ असे समजून पान उलटू नये. जनतेने निरोप दिलेल्या माणसाच्या हाती अजून लेखणी आहे, असा त्याचा अर्थ आहे.