वयस्कर हातांसाठी टेबलावरचा मल्टिमीटर

आमचा धंदा कापडाचा. भिवंडीच्या ग्रे मालात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा विजेच्या मापयंत्रावर आम्ही लेखणी उचलावी याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी घरात एक प्रसंग घडला आणि हा जिन्नस खरेदी करण्याची जबाबदारी आमच्यावर आली. त्यात जे कळले ते आमच्या कारागीर बांधवांच्याही उपयोगाचे आहे.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर भाईजान म्हणते, वयाने बहात्तर. एके काळी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत. दुकान मिटले, पण शौक राहिला. मर्फी, बुश, फिलिप्सचे जुने व्हॉल्व्हचे सेट लोक आजही त्यांच्याकडे आणून देतात. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, उजवा हात थोडा कापतो. त्या दिवशी ते एका सेटचा करंट मोजत होते. मधेच फोन आला. परत येऊन त्यांनी मीटरचा खटका व्होल्टवर फिरवला, पण लाल वायर दहा अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहिली होती. तशीच ती 230 व्होल्टवर टेकवली. मोठा आवाज झाला, प्रोबचे टोक वितळले, दोन बोटे भाजली.

पुतण्या म्हणाला, "चाचा, अब्बांचे हे टेबल आता बंद करा." भाईजान काही बोलले नाहीत. दोन दिवस टेबलाकडे फिरकलेही नाहीत. आम्हाला ते बरे दिसले नाही. आम्ही पुतण्याला म्हटले, आधी मीटर बघू, मग टेबलाचे बघू.

जुना मीटर आम्ही उघडून पाहिला. अँपिअरच्या सॉकेटमागे फ्यूजच नव्हता! करंट मोजताना मीटरच्या आतला विरोध जवळजवळ शून्य असतो. त्या वाटेने व्होल्टेज दिले की सरळ शॉर्ट होते. चांगल्या यंत्रात तेथे चिनी मातीच्या नळीचा, आत वाळू भरलेला एचआरसी फ्यूज असतो. तो जळतो, फुटत नाही. काचेचा साधा फ्यूज अशा वेळी फुटू शकतो. बाजारात स्वस्त मीटरवर 'अनफ्यूज्ड' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. आमच्या वाचकांनी धागे मोजायचे भिंग घेऊन ते अक्षर आधी वाचावे.

मग आम्ही आणि पुतण्या मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेलो. दुकानदाराचा पहिला शब्द, "किती आकडी पाहिजे?" साडेतीन, साडेचार, साडेपाच, साडेसहा, जितके आकडे तितका भाव. आम्हाला आमचा बाजार आठवला. गिऱ्हाइकाला गरज नसलेली जात दाखवून भाव चढवण्याची ही रीत आम्हाला नवी नाही.

आता हिशोब पाहा. दोन हजार काउंटचा साधा मीटर 230 व्होल्टला फक्त 230 दाखवील. ओवन कंपनीचा एक्सडीएम 1041 हा 55,000 काउंटचा आहे, तो 230.12 असे दाखवतो. अचूकता 0.05 टक्के धरली तर 250 व्होल्टमागे चूक आठव्या हिश्शाच्या आसपास. जुन्या रेडिओतील रेझिस्टर स्वतःच पाच-दहा टक्क्यांनी इकडेतिकडे असतात. तेथे साडेसहा आकडी यंत्र लावणे म्हणजे ग्रे मालाचे तागे सोनाराच्या काट्यावर तोलणे. शिवाय आकडे जास्त झाले की शेवटचे दोन सारखे नाचत राहतात. अशाने थकलेला डोळा आणखी थकतो.

वयस्कर माणसासाठी बघायच्या गोष्टी निराळ्या. काळ्या पडद्यावर मोठे उजळ आकडे हवेत आणि ते बाजूनेही दिसले पाहिजेत. व्होल्ट, ओहम, करंट यांना एकेक स्वतंत्र बटण हवे, मेनूत शिरावे लागू नये. टेबलावरचे यंत्र मेन्सवर चालते, तेव्हा काम चालू असता सेल संपून बंद पडायची भीती नाही. आणखी एक बाब दुकानदार सांगत नाही. वायर जोडलेली आहे की तुटलेली हे सांगणारी शिट्टी बारीक, उंच स्वराची असते. उतारवयात तोच स्वर आधी ऐकू येईनासा होतो. आम्ही भाईजानांना फोन लावून दुकानातून ती शिट्टी ऐकवली. ते म्हणाले, "कसली शिट्टी?" तेव्हा पडद्यावर आकडा ठळक दिसतो ना, एवढेच पाहिले.

जुन्या मालाचाही मोह झाला. ह्युलेट पॅकार्डचा 34401ए हा साडेसहा आकडी मीटर प्रयोगशाळांत पुष्कळ चालला. 1999 नंतर त्यावर अजिलंटचे आणि 2014 नंतर कीसाइटचे नाव आले. यंत्र उत्तम, पण त्याचा हिरवा प्रकाशी पडदा वापराने मंद होतो. तरुण डोळ्याला तो चालेल. परदेशातून आलेला जुना माल घेणाऱ्याने मागचा 110/220 चा खटका पाहिल्याखेरीज प्लग लावू नये.

यंत्रमागवाल्या बांधवांनी एक ध्यानात घ्यावे. टेबलावरचा मीटर कारखान्याच्या 415 व्होल्टच्या पॅनलवर नेऊ नये. तेथे कॅट थ्री, 600 व्होल्टचा शिक्का असलेला हातातला मीटरच पाहिजे.

शेवटी ओवनचाच घेतला, पक्क्या बिलावर. सोबत मगरतोंडी क्लिपा घेतल्या. काळी वायर चॅसिसला क्लिपने लावून टाकायची आणि एकाच हाताने मोजायचे, म्हणजे कापणाऱ्या दुसऱ्या हाताला तेथे कामच नाही.

पहिल्याच दिवशी भाईजान म्हणाले, "हा जास्त दाखवतो." त्यांचे म्हणणे खरे होते. जुन्या नकाशांवरचे व्होल्टेज बहुधा व्होल्टला वीस हजार ओहमच्या सुईच्या मीटरने घेतलेले असते. दहा व्होल्टच्या रेंजवर तो मीटर सर्किटवर दोन लाख ओहमचा भार टाकतो. नव्याचा विरोध एक कोटी ओहमच्या घरात, म्हणून नाजूक जागी तो खालचा आकडा दाखवीत नाही. तेव्हा भाईजानांनी सुईचा जुना सान्वा खणात जपून ठेवला आहे.

नवे यंत्र वजनाला हलके, वायरीने ओढले जाते. म्हणून डोळ्यांच्या उंचीवर फळी ठोकून त्यावर रबर अंथरले. अँपिअरच्या सॉकेटवर पुतण्याने लाल टेप चिकटवली आहे. करंट मोजायचा झाला की भाईजान त्याला हाक मारतात, आणि टेप तोच काढून देतो.