पिशवीला भोक नाही, तरी पेज निळी!

आठवीतलं ‘निवडक्षम पारपटल’, म्हणजे काही रेणूंना वाट देणारा आणि काहींना अडवणारा पडदा, फळ्यावर आखून डोक्यात शिरत नाही. ते डोळ्यांनी बघावं लागतं, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. आमच्या परभणीत कुठल्याही किराणा दुकानात आणि मेडिकलमध्ये सगळं सामान मिळतं.

भाताची पातळ पेज गार करून अगदी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा. गाठ घट्ट मारा, पिशवी बाहेरून धुवा आणि ग्लासभर पाण्यात बुडवा. पाण्यात टिंक्चर आयोडीनचे दहाएक थेंब टाका, चहासारखा रंग येईपर्यंत. अर्ध्या तासात पिशवीतली पेज निळी-काळी पडते. बाहेरचं पाणी मात्र तांबूसच राहतं, उलट थोडं फिकं होतं. आयोडीनचे बारके रेणू प्लॅस्टिकमधून आत शिरतात, स्टार्चचे अवाढव्य रेणू बाहेर येऊ शकत नाहीत.

पहिल्यांदा माझी गाठच सैल राहिली आणि अख्खा ग्लास शाईसारखा झाला. वर्गातली पोरं मात्र त्यावरच जास्त खूश! पोविडोन आयोडीन वापरू नका. त्यातलं आयोडीन मोठ्या रेणूला बांधलेलं असतं, ताटकळत बसावं लागतं.

पडद्यातून पाणी सरकतं हे फ्रान्सच्या नोले या शास्त्रज्ञानं 1748 मध्ये डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून दाखवलं होतं. ‘डायलिसिस’ हा शब्द थॉमस ग्रॅहमचा, 1861 चा. किडनीच्या पेशंटचं रक्त मशीनमध्ये असंच गाळलं जातं: युरिया पडद्यापार, प्रथिनं आत.

आणि कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटणारं पाणी? ते परासरण, म्हणजे पडद्यातून पाणी सरकणं. त्याची पोस्ट लोणच्याच्या दिवसांत.