वीज, थंडी आणि हिशेब

श्रोतेहो, विहिरीवरचा पंप तासभर चालला, की मोटार किती तापते हे तुम्हांस ठाऊक आहे. तारेतून जाताना विजेला अडथळा होतो. त्यात थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि तिचेही बिल आपणच भरतो.

संगणकाचेही तेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक चालू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. आज नखाएवढ्या चकतीवर अब्जावधी ट्रान्झिस्टर मावतात, पण उष्णता काही सुटली नाही. वेग वाढवावा, तर चकती तापते!

मग अडथळाच नाहीसा झाला तर? १९११ साली हॉलंडमध्ये कामर्लिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्यातला अडथळा पार नाहीसा झाला. याला अतिसंवाहकता म्हणतात. अशा कड्यात एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो.

पुढे १९६२ साली केंब्रिजचे तरुण विद्यार्थी ब्रायन जोसेफसन यांनी दाखवून दिले, की दोन अतिसंवाहकांमध्ये अगदी पातळ निरोधक पापुद्रा ठेवला, तरी प्रवाह पलीकडे जातो. हे झाले विजेचे फाटक.

आता मोंढ्यातला मापाडी आठवा. पायली भरली तर एक. अर्धवट पायली तो मोजत नाही. निसर्गही इथं तसाच काटेकोर आहे, बरं का! अतिसंवाहक कड्यात चुंबकत्व पूर्ण मापानेच मावते. माप असले तर ‘एक’, नसले तर ‘शून्य’. ठोका पडला, की फाटक क्षणभर उघडते आणि भरलेले कडे आपले माप पुढे देते. रिकामे कडे गप्प राहते. गुरुजनहो, संगणकाचा सारा हिशेब या एक-शून्यावरच चालतो.

ही रीत १९८५ च्या सुमारास मॉस्कोत लिखारेव्ह, मुखानोव्ह व सेमेनोव्ह यांनी बसवली. १९९९ साली अमेरिकेत असे एक साधे मंडल सेकंदाला ७७० अब्ज ठोक्यांपर्यंत चालले.

मग हा संगणक घरोघर का नाही? कारण थंडी फुकट मिळत नाही. तिथून एक वॅट उष्णता बाहेर काढायला शेकडो वॅट वीज लागते. शिवाय पुष्कळ माहिती साठवून ठेवणेही या मंडलांना अजून अवघड जाते. म्हणून हा व्यवहार परवडलाच, तर प्रचंड यंत्रांनाच परवडेल.

गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रवरूप नत्रात ठेवतात, ते तुम्ही पाहिले असेल. तो उणे १९६ अंशांचा. तेवढ्या थंडीत अतिसंवाहक होणारे पदार्थ १९८७ सालीच सापडले. पण ते मातीच्या भांड्यासारखे ठिसूळ. त्यांची हजारो फाटके हुबेहूब एकसारखी घडवणे फार कठीण. ते साधले, तर थंडीचा खर्च पुष्कळ उतरेल. एवढा एक तिढा सुटायचा आहे.