कानातला मळ: घाण की राखणदार?

रविवारी केस धुतले, टॉवेलच्या टोकानं कान पुसले आणि उजव्या कानाला दडा बसला. स्वतःचाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायला लागला. मग सगळे करतात तेच मीही केलं. ड्रॉवरमधून कापसाची काडी काढली आणि कानात गरागरा फिरवली. दडा आणखी घट्ट! सोमवारी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दुर्बीण घातली आणि शेजारच्या पडद्यावर मला माझाच कान दाखवला. तपकिरी, चकचकीत बोळा आणि त्याच्या मधोमध गोल खळगा, बरोबर काडीच्या टोकाएवढा. "हा तुमचाच ठसा," डॉक्टर म्हणाले. "मळ बाहेरच्या बाजूला होता. तुम्ही तो ठासून आत बसवलात."

या साऱ्या घोटाळ्याचं मूळ मला आपल्या शब्दातच दिसतं. अंगाचा मळ घासायचा, नखांतला कोरायचा, मग कानातला तरी कशाला ठेवायचा? पण कानातला मळ म्हणजे बाहेरून येऊन साचलेली घाण नव्हे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातल्या कातडीत तेलकट स्राव देणाऱ्या ग्रंथी असतात आणि घामाच्या ग्रंथींच्या जातकुळीतल्या काही खास ग्रंथीही असतात. हा स्राव, मेलेल्या पेशी, बारीक केस आणि थोडी धूळ मिळून मळ तयार होतो. तो किंचित आम्लधर्मी असल्यानं जंतूंना आणि बुरशीला तिथे बस्तान बसवणं अवघड जातं. त्याच्यामुळे कातडी कोरडी पडून खाजत नाही. तो ओला-चिकट असेल की कोंड्यासारखा कोरडा, हेही स्वच्छतेवर अवलंबून नसतं. ते एका जनुकावर ठरतं, हे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं.

"पण काढलाच नाही, तर साठत जाणार ना?" हा पुढचा प्रश्न. इथे कानाची खरी करामत आहे. कानाच्या पडद्यावरची आणि नळीतली कातडी एका जागी थांबत नाही. ती पडद्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेनं, नखं वाढावीत तशा संथ गतीनं सरकत असते आणि मळाला सोबत घेऊन येते. आपण जेवतो, बोलतो, तेव्हा जबड्याच्या हालचालीनं त्याला आणखी रेटा मिळतो. मोठ्या देवमाशांना ही सोय नाही. त्यांची कानाची नळी बाहेरून बंद असते, म्हणून त्यांच्या कानात मळाचे थर जन्मभर चढत राहतात आणि शास्त्रज्ञ त्यावरून त्यांचं वय काढतात. आपल्याला दार उघडं ठेवून दिलंय आणि आपण नेमकी उलट्या दिशेनं काडी घालतो. शिवाय ग्रंथी बाहेरच्या भागातच असल्यामुळे पडद्याला टेकलेला बोळा दिसला, की तो बहुतेक वेळा कुणीतरी आत ढकललेला असतो.

काडीला निदान कापूस तरी असतो. आपल्याकडे स्कूटरची चावी, सेफ्टी पिन, आकडा, आगकाडी, बॉलपेनची रिफिल, काहीही चालतं. बसच्या धक्क्यानं किंवा शेजाऱ्याच्या कोपरानं अशी वस्तू आत घुसली, की पडद्याला भोक पडायला क्षणही लागत नाही. कापसाच्या कित्येक काड्यांच्या डबीवरही "कानाच्या नळीत घालू नये" असं छापलेलं असतं. बारीक अक्षरात, ही गोष्ट वेगळी.

तेलाबद्दल बोललं की घरातल्या आज्या रागावतात, पण बोलायला हवं. बाळाच्या कानात रोज तेल सोडल्यानं कान "मजबूत" होत नाही. तेलावर धूळ बसते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशीला आयतं घर मिळतं. पडद्याला आधीच भोक असेल, तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. मालिश खुशाल करा, कान सोडून.

कानात मेणबत्ती लावून मळ "ओढून" काढण्याचं एक खूळ आहे. मेणबत्तीनं कानात ओढ तयार होत नाही, आणि शेवटी जो पिवळा चुरा दाखवतात तो मेणबत्तीचाच असतो. स्टेशनाबाहेर लाल पगडीत सळई खोचून बसणाऱ्या कान साफ करणाऱ्यांची कला जुनी आहे खरी, पण तीच सळई आधी किती कानांत गेली, हे कोण सांगणार?

आता डॉक्टर काय करतात ते. मळ कडक असेल, तर आधी चार-पाच दिवस तो मऊ करणारे थेंब देतात. या दिवसांत कान जास्तच बंद वाटतो, कारण मळ फुगतो. घाबरून थेंब सोडू नका. नंतर मळ आकडीनं किंवा सक्शननं काढतात, नाहीतर पिचकारीनं धुतात. पिचकारीचं पाणी शरीराइतकंच कोमट असावं लागतं. गार किंवा गरम पाणी गेलं, तर गरगरतं. माझ्या कानात सक्शनची नळी गेली तेव्हा घरघराट झाला आणि अचानक खोकला आला. डॉक्टर हसले. कानाच्या नळीत एका मज्जातंतूची फांदी असते, ती चाळवली की काहींना खोकला येतो. पाच मिनिटांत बोळा ट्रेमध्ये होता आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

पिचकारी सगळ्यांसाठी नाही. पडद्याला भोक असलेल्यांना, कान वाहणाऱ्यांना ती चालत नाही. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण अशा रुग्णांत बाहेरच्या कानाचा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. पोरानं कानात हरभरा किंवा मटार घातला असेल, तर पाणी अजिबात नको. दाणा फुगून आणखी घट्ट बसतो. आणि कान तुंबलेला नसेल, त्रासही नसेल, तर मळ दिसला म्हणून काढायची गरज नसते.

म्हातारपणी मात्र मळ कोरडा होतो, बाहेर सरकत नाही. आजोबांना टीव्ही मोठा लागायला लागला, की घरात श्रवणयंत्राच्या किमतीची चर्चा सुरू होते. आधी कान तपासून घ्या. आणि एकच कान अचानक बंद झाला असेल, तर "मळच असणार" म्हणून आठवडा घालवू नका. तो आतल्या कानाचा बहिरेपणा असू शकतो, आणि त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले, तरच ऐकू परत येण्याची शक्यता चांगली असते.