टॉवर बंद पडला तरी निरोप पोचेल: छोट्या सोलर पॅनेलवर चालणारं वाडी-वस्तीचं जाळं

🌱 *सभासद सल्ला: जुन्नर व आंबेगाव*



आज फवारणीचा विषय नाही. पश्चिम पट्ट्यातले सभासद नेहमी सांगतात, "लाईट गेली की टॉवर जातो, आणि टॉवर गेला की फोनची नुसती बॅटरी मारायची." त्यावर घरच्या घरी करता येण्यासारखा एक उपाय आहे. शेवटपर्यंत वाचा, कारण या कामात बहुतेक जण रेडिओपाशी नाही, पॅनेल आणि सेलपाशी फसतात.

*गरज कशासाठी?*

३० जुलै २०१४ ला माळीणवर दरड आली, दीडशेहून जास्त माणसं गेली. गाव गाडलं गेल्याचं बाहेर कळलं ते एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. कोणतंही यंत्र दरड थांबवत नाही. पण वरच्या वाडीत जमिनीला भेग पडली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, हा निरोप खालच्या वाडीला मिनिटात मिळाला तर माणसं घराबाहेर पडू शकतात.

दुसरी गरज रोजची. रात्रपाळीच्या लाईटला मोटार चालू करायला जाणाऱ्याला पुढच्या उसात बिबट्या दिसलाय हे आधी कळायला हवं.

*हे जाळं चालतं कसं?*

'लोरा' नावाचा छोटा रेडिओ असतो. तो अगदी कमी विजेत लांबवर मजकूर पाठवतो. त्यावर 'मेशटास्टिक' ही मोफत प्रणाली टाकली की एक यंत्र दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला निरोप पुढे देतं. आपला फोन ब्लूटूथने जवळच्या यंत्राला जोडायचा. सिमकार्ड नको, इंटरनेट नको.

यावर फक्त छोटा मजकूर जातो. बोलणं, फोटो, व्हिडिओ जात नाही. आणि लहरी डोंगर भेदत नाहीत, म्हणून एक तरी यंत्र दोन्ही वाड्या दिसतील अशा उंच जागी लागतं. तिथे लाईट नसते. म्हणून सोलर.

*हिशोब: आधी खर्च, मग पॅनेल*

विहिरीचं पाणी बघून पीक ठरवतो, तसंच इथे. बाजारात मुख्यतः दोन जातीचे बोर्ड मिळतात:

१) 'एनआरएफ ५२' जातीचा: सरासरी १० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. दिवसाचे २४० एमएएच, म्हणजे साधारण ०.९ वॅट-तास.

२) 'ईएसपी ३२' जातीचा: स्क्रीन, ब्लूटूथ चालू असताना १०० मिलिअँपिअरच्या आसपास. दिवसाचे २४०० एमएएच, म्हणजे जवळपास ९ वॅट-तास. दहापट!

आता जमा बाजू. ५ वॅटचं पॅनेल धरा. उन्हाळ्यात दिवसाला ५ तास पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते, म्हणजे २५ वॅट-तास. तेव्हा दोन्ही बोर्ड मजेत चालतात, आणि माणूस इथेच फसतो. मे महिन्यात चाललं म्हणजे जमलं, असं नाही.

आहुपे, हातवीज, भीमाशंकरच्या बाजूला जुलैत आठवडा-आठवडा धुकं हटत नाही. अशा दिवसाला हिशोबात अर्धा तासच ऊन धरा. म्हणजे २.५ वॅट-तास, आणि चार्जिंगमधली घट वजा जाता हातात १.५. पहिल्या बोर्डाला ०.९ लागतात, तो तरतो. दुसऱ्याला ९ लागतात, तो रोज साडेसात वॅट-तास तोट्यात. ३००० एमएएचच्या एका सेलमध्ये ११ वॅट-तास असतात. म्हणजे दुसरा बोर्ड दीड-दोन दिवसांत बंद, आणि तोही नेमका दरडीच्या पावसात.

*म्हणून डोंगरावर पहिल्या जातीचाच बोर्ड लावा.* दुसरा घरात, जिथे लाईट आहे, तिथे चालेल.

*सेल किती?*

दहा दिवस ऊन अजिबात पडलं नाही असं धरून चला. २४० गुणिले १० म्हणजे २४०० एमएएच. कागदावर ३००० चा एक सेल पुरतो, पण सेल जुना होतो, म्हणून दोन लावा. दोन्ही नवे, एकाच कंपनीचे आणि जोडताना सारख्या व्होल्टेजचे हवेत. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नकोत. सोबत संरक्षण सर्किट हवंच, नाहीतर सेल पूर्ण रिकामा होऊन कायमचा बाद होतो किंवा तापून पेट घेतो.

पॅनेल ६ व्होल्टचं घ्या. एका सेलच्या छोट्या चार्जिंग बोर्डाला १२ व्होल्टचं पॅनेल थेट जोडलं तर बोर्ड जळतो.

*बसवताना*

☀️ पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण २० अंश. जास्त उभं करू नका. थंडीत त्याचा फायदा होतो, पण थंडीत उन्हाची टंचाई नसतेच. जुलैत सूर्य डोक्यावर असतो आणि ढगातला उजेड सगळ्या आभाळातून येतो, म्हणून कमी उतार बरा. मात्र अगदी सपाट ठेवलं तर धूळ आणि शेवाळ साचतं.

☀️ फांदीची, अँटेनाची सावली पॅनेलवर नको. पॅनेलमधले तुकडे एकामागे एक जोडलेले असतात. एक झाकला गेला की सगळ्यांची वीज अडते, ठिबकची नळी एका जागी चेपल्यासारखी.

☀️ खोका प्लॅस्टिकचा घ्या. पत्र्याच्या खोक्यात सेल तापतो, आणि अँटेना आत असेल तर लहरीही अडतात. वायर खालून घ्या, भोक सिलिकॉनने बुजवा, नाहीतर मुंग्या आणि गांधीलमाश्या घर करतात. खोका पॅनेलच्या सावलीत बसवा.

☀️ अँटेना जोडल्याशिवाय यंत्र चालू करू नका, रेडिओ जळतो.

☀️ विजा चमकत असताना खांबाजवळ जाऊ नका. यंत्र गेलं तर दुसरं घेता येईल.

*कायदा आणि आपला शेजारी*

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. यंत्र याच पट्ट्याचं आणि ईटीए मान्यतेचं घ्या, सेटिंगमध्ये प्रदेश 'इंडिया' निवडा. ऑनलाइन दिसणारं ९१५ चं यंत्र आपल्याकडे चालत नाही.

नारायणगाव-खोडदच्या सभासदांनी विशेष लक्ष द्या. खोडदची जीएमआरटी दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० तबकड्या, आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकते. आपल्या रेडिओचा, इतकंच काय स्वस्त सोलर चार्जरचाही, तिला अडथळा होऊ शकतो. त्या पट्ट्यात केंद्राशी बोलल्याशिवाय काही लावू नका. तिकडे मोबाईलला रेंज आहेच; हा उपाय आहे तो पश्चिमेच्या वाड्यांसाठी.

किल्ले, लेणी, वनजमीन आणि भीमाशंकर अभयारण्यात परवानगीशिवाय खांब रोवायचा नाही. शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं छप्पर, नाहीतर स्वतःच्या रानातली उंच जागा बघा.

*सुरुवात कशी करावी?*

तीन यंत्रांपासून: दोन वाड्या आणि मध्ये एक उंच जागा. पावसाळ्याआधी बसवा. मग एक परीक्षा घ्या: पॅनेलवर पोतं टाकून पूर्ण झाका आणि यंत्र किती दिवस चालतं ते मोजा. दहा दिवस निघाले तरच त्यावर भरवसा ठेवा. पुढे दर पंधरा दिवसांनी पॅनेल पुसायचं काम एका माणसाच्या नावावर ठेवा. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही.

हे जाळं ११२ ला किंवा वनविभागाच्या १९२६ ला पर्याय नाही. रेंज असेल तर आधी तिथेच फोन करा. रेंज नसेल, तर रेंजमधल्या वाडीला निरोप द्या आणि त्यांनी फोन करावा. तो फोन कोणी करायचा, हे आजच ठरवून ठेवा.

ज्या वाड्यांना एकत्र करायचं आहे त्यांनी या मेसेजला उत्तर म्हणून *वाडीचं नाव* आणि *समोर कोणती वाडी दिसते* एवढं पाठवा. त्यावरून उंच जागा ठरवता येईल.

आपला,
कृषी सल्लागार