कोर्लई येथील अलिखित दप्तर

रेवदंड्याच्या दक्षिणेस, कुंडलिका नदी समुद्रास मिळते तेथें, कोर्लईचा डोंगर पाण्यांत शिरलेला आहे. नवी मुंबईहून पनवेल, पेण, अलिबाग या मार्गानें तेथें जातां येतें. प्रवासी पुळण व दीपगृह पाहतात, दीपगृहाजवळील वाटेनें किल्ल्यावर चढतात. संशोधक असल्यास पोर्तुगीज शिलालेखांचे ठसे घेऊन परततात. पायथ्याच्या गांवांत फारसें कोणी थांबत नाहीं.

रेवदंड्यास पोर्तुगीजांनीं १५२१ मध्यें निजामशाहाच्या संमतीनें ठाणें घातलें. समोरच्या या डोंगरावर निजामशाहीनें तटबंदी केली, ती १५९४ मध्यें त्यांनीं घेतली. १७४० च्या तहानें हा सारा प्रदेश मराठ्यांकडे आला.

पोर्तुगीज अंमल असा संपला. परंतु येथील ख्रिस्ती वस्तींत त्या भाषेपासून झालेली एक बोली अद्याप जिवंत आहे. गांवकरी तिला 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. शब्द बहुतांशीं पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठी. पोर्तुगीजांत क्रियापद कर्मापूर्वीं येतें. येथें तें आपल्याप्रमाणें अखेरीस जातें. षष्ठी तर मुद्दाम ऐकावी. पोर्तुगीजांत 'घर लुईसचें' असा क्रम. येथें धन्याचें नांव आधीं, त्यास 'सु' प्रत्यय, मग घर. नामांच्या ज्या विभक्ति लॅटिनकडून येतांना पोर्तुगीजनें टाकल्या, त्यांतील षष्ठी तिला कोंकणांत मराठीच्या सहवासानें पुन्हा लाभली! पगार, चावी, घमेलें हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले, हें सर्वश्रुत आहे. मराठीनें त्यांस व्याकरण दिलें, हें मात्र आपल्या ग्रंथांत क्वचितच आढळतें. अमेरिकन पंडित क्लेमेंट्स यांनीं १९९६ मध्यें या बोलीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

बोलणारे हजाराच्या आसपास. बोलीस लेखनाची परंपरा नाहीं, मुलें मराठींत शिकतात, आणि खाडीवर पूल झाल्यापासून गांवाचें एकटेपण सरलें आहे. शिलालेख आणखी शंभर वर्षें टिकतील; वृद्धांच्या तोंडचे शब्द तितके थांबणार नाहींत.

म्हणून जाणारानें कागद-शाईबरोबर ध्वनिमुद्रणाचें साधनही न्यावें, व गांवकऱ्यांची अनुमति घेऊन मासळी, जाळीं, स्वयंपाक, नातीं व लग्नविधि यांविषयींचे शब्द प्रथम टिपावे. सांगणाराचें वय व शब्दाचा मराठी अर्थ शेजारीं लिहावा. उच्चार ऐकूं येईल तसाच ठेवावा, पोर्तुगीज कोश पाहून तो शुद्ध करूं नये.